सेकंडहँड ब्रँडेड बॅग घेताय? आधी विकणारा बघा, मग बॅग

मे महिना लागला की रत्नागिरीत दोन गोष्टींचा पूर येतो, आंबे आणि गल्फवाले. लग्नाचा सीझन असतो, कुवेत-दुबई-कतारवाली मंडळी सुट्टीवर आलेली असतात, आणि प्रत्येक हॉलमध्ये निदान एका तरी वहिनीच्या हातात ती तपकिरी बॅग असतेच, सोनेरी फुलं आणि मध्ये एल-व्ही, म्हणजे लुई व्हिटॉन. मग मागच्या रांगेत कुजबुज सुरू, "ओरिजिनल असेल का गो?" माझं बुटिक आहे, ब्लाऊज-ड्रेस शिवते, बॅगांचा धंदा नाही माझा. पण शिलाई कळते आणि एलव्हीची एक जुनी स्पीडी बॅग मी स्वतः सेकंडहँड घेतलेली आहे, एवढ्या भांडवलावर लोक मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, "ताई जरा बघता का, खरी आहे का". दर वेळी तेच तेच टाइप करून अंगठा दुखला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

फोटो पाठवणारी प्रत्येकजण बॅगेचे फोटो पाठवते. पुढून, मागून, आतून. विकणाऱ्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. विचारलं कोणाकडून घेतेस, तर उत्तर येतं "इन्स्टावर पेज आहे, बिल पण देतोय, बॉक्स, डस्टबॅग, कार्ड सगळं आहे". अगं पण कोकणात राहून हे सांगायला लागावं का? पेटीवर देवगड हापूस छापलेलं असतं, खाली पेंढा, वर मराठी पेपर, आणि आंबा निघतो कर्नाटकातला. २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून पेट्या छापणारे काय थांबले नाहीत. पेटी छापायला आंबा पिकवायला लागत नाही ना. बॅगेच्या बाबतीत पण कागद खोटा करणं हे बॅग खोटी करण्यापेक्षा कैक पटीने सोपं आहे. रिकामे ओरिजिनल बॉक्स, रिबिनी, कागदी पिशव्या ऑनलाइन वेगळ्या विकायला असतात, लोक हौसेने घेतात. बिल तर काय, फोनवर बनतं. आणि कधीकधी बिल शंभर टक्के खरं असतं, फक्त ते दुसऱ्याच बॅगेचं असतं.

कार्डाचं तर अजून गंमतशीर आहे. लुई व्हिटॉन आणि हर्मीस "ऑथेंटिसिटी कार्ड" देतच नाहीत. त्यामुळे एलव्हीच्या बॅगेसोबत क्रेडिट कार्डासारखं चकचकीत कार्ड आलं आणि त्यावर ऑथेंटिक लिहिलेलं असलं तर खूश होऊ नका, तिथेच शंका घ्या. शनेल द्यायची कार्ड, आतल्या स्टिकरवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच असायचा, पण तेही २०२१ मध्ये बंद झालं.

माझी मावसबहीण चिपळूणला असते, तिला असंच एका पेजवर एलव्हीचीच नेव्हरफुल बॅग मिळत होती अडतीस हजारात. नवी घ्यायला गेलात तर लाख-दीड लाखाच्या पुढे जाते ती, त्यामुळे बाई हवेतच. मी म्हटलं एकच प्रश्न विचार त्याला, की मी बॅग तपासून घेतली आणि खोटी निघाली तर पूर्ण पैसे परत देणार का, आणि हे बिलावर लिहून देणार का. उत्तर आलं, "मॅडम ट्रस्ट इश्यू असेल तर नका घेऊ, आपल्याकडे कस्टमर भरपूर आहेत." बस. हे वाक्य जिथून आलं तिथला चॅट बंद करायचा, बॅगेकडे बघायची पण गरज नाही. खरी बॅग विकणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही, त्याला तर रोज विचारतात, त्याचं उत्तर तयार असतं. ती थोडी नाराज झाली माझ्यावर, दोन दिवस फोन नाही. मग पेजच गायब झालं तेव्हा आला फोन.

पेजबद्दल अजून एक सांगते. इन्स्टावर प्रोफाइलच्या तीन टिंबांवर टॅप केलं की "अबाउट धिस अकाउंट" येतं, त्यात अकाउंट कधी उघडलं आणि नाव किती वेळा बदललं ते दिसतं. काल कुर्ती विकणारं पेज आज अचानक लक्झरी झालेलं असतं. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच सोफा तीच चादर जपानच्या नाहीतर अमेरिकेच्या एखाद्या साइटवर सापडते. आणि विकणाऱ्याला सांगा की कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून बॅगेशेजारी ठेव आणि न कापलेला एक व्हिडिओ पाठव, खिडकीच्या उजेडात. दुकान म्हणवत असेल तर जीएसटी नंबर मागा, सरकारी पोर्टलवर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं, फुकट.

भाषेवरून पण माणूस कळतो. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, मिरर, सेव्हन ए, टेन ए, ही सगळी खोट्याचीच नावं आहेत, पोरं असं सांगतात जणू परीक्षेतले मार्क आहेत. हे निदान सरळ तरी सांगतात. त्यापेक्षा डेंजर म्हणजे "फॅक्टरी सरप्लस", "एक्सपोर्ट रिजेक्ट", "सेलमध्ये घेतलेली". लुई व्हिटॉनचा सेल लागत नाही, आउटलेट नाही, सरप्लस माल बाहेर येत नाही. त्यामुळे एलव्हीच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की विषय संपला. कोचचं वेगळं आहे हां, कोचची आउटलेट दुकानं आहेत, तिथे खास आउटलेटसाठी बनवलेल्या बॅगा असतात आणि त्या खऱ्याच असतात, फक्त मूळ किंमतच कमी. म्हणून कोच स्वस्तात मिळतेय म्हणजे खोटीच असं नाही. ब्रँडप्रमाणे डोकं लावायला लागतं.

आणि आपल्याकडचं लाडकं वाक्य, "दुबईहून आणलीय". दुबईत मोठमोठी शोरूम पण आहेत आणि कॉपीच्या मालासाठी प्रसिद्ध करामाच्या गल्ल्या पण आहेत. दोन्ही दुबईच. भावोजींनी प्रेमाने आणलेली असते, त्यांना स्वतःलाच माहीत नसतं काय आणलंय. अशी भेट आलेली बॅग कोणी मला दाखवली ना, तर मी "छान आहे, वापरा" एवढंच सांगते. कोणी स्वतःच्या हौसेने हजार-दीड हजाराची कॉपी मिरवत असेल तर मला त्याचं काही नाही, माझा राग आहे तो ओरिजिनलचे पैसे घेऊन कॉपी गळ्यात मारणाऱ्यांवर. आणि तीच भेटीची बॅग पुढे "ओरिजिनल" म्हणून ऑनलाइन टाकायची असेल तर मात्र मी तोंड उघडते, कारण ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये खोट्या मार्काचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे.

आता बॅग. एलव्हीबद्दलच जास्त लिहिते कारण आपल्याकडे तीच जास्त फिरते, आणि हिची कॉपी करणं हा फार जुना धंदा आहे. कंपनी १८५४ ची. नकला इतक्या व्हायला लागल्या की १८८८ मध्ये त्यांनी चौकड्यांचं डिझाइन काढलं, त्याचीही नक्कल झाली, मग १८९६ मध्ये जॉर्ज व्हिटॉनने ते फुलांचं मोनोग्राम काढलं, कोणाला कॉपी करता येऊ नये म्हणून. आज जगात सगळ्यात जास्त कॉपी होणाऱ्या डिझाइनमध्ये तेच असेल. बिचारा.

तर ते मोनोग्राम लेदर नाही. नीट वाचा, लेदर नाही. कॉटनचं कॅनव्हास आणि वरून प्लॅस्टिकचं कोटिंग. लेदर असतं ते हँडल, कडा, टोकं, फिकट बिस्किटी रंगाचं. त्यामुळे "मॅडम पूर्ण जेन्युइन लेदर आहे, जाळून दाखवू का" असं कोणी म्हणालं तर त्याला स्वतःच्या मालाबद्दल काहीच माहीत नाही. ते बिस्किटी लेदर झाडाच्या सालींच्या अर्कात कमावलेलं असतं, आपल्या कोल्हापुरीचं कातडं पण तसंच बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. अशा कातड्याला ऊन लागलं, हाताचं तेल लागलं की ते हळूहळू मधासारखं आणि मग गडद होत जातं. म्हणून "दहा वर्षं वापरलीय" म्हणणाऱ्याची हँडलं पांढरीफटक असली तर विचारा, बदलून घेतलीत का? घेतलेली असू शकतात, पण मग बिल असेल दुरुस्तीचं. आणि कॉपीत बऱ्याचदा सगळीकडे एकसारखा केशरी रंग मारलेला असतो, हात लागतो तिथे आणि लागत नाही तिथे तोच रंग. (कोल्हापुरीवरून आठवलं, जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्या चपला रॅम्पवर चालवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, केवढा गदारोळ झाला, मग मान्य केलं की हे भारतातलं आहे. २०१९ पासून जीआय आहे त्या चपलेला. म्हणजे कॉपीचा रस्ता दोन्हीकडून वाहतो.)

एक काकू दुकानात आल्या होत्या स्पीडी घेऊन, कोणाकडून तरी घेणार होत्या आणि दाखवायला एक दिवस मागून आणलेली, हे त्यांनी फार हुशारीचं काम केलं. मशीनच्या दिव्याखाली धरली. स्पीडीच्या हँडलाचं टोक जिथे बॅगेवर बसतं तिथे चामड्याचा एक छोटा तुकडा असतो, त्याच्या वरच्या कडेला पाच टाके असतात, मोहरीच्या रंगाच्या मेणाच्या दोऱ्याचे. इथे एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सहा, आणि कोपऱ्यात एका भोकाला लागून दुसरं भोक, म्हणजे शिवणाऱ्याने मशीन रिव्हर्स मारलेलं. ब्लाऊजच्या हुकपट्टीला आपण मारतो तसं. मी माझ्या पोरींना सांगते की बाहेर दिसेल तिथे रिव्हर्स मारू नका, आणि हे लाखाच्या बॅगेवर! लेदरच्या कडेचा लाल रंग नखाने सुटत होता. वास पण होता, नवीन रेक्झिनच्या सीट कव्हरचा असतो तो. काकूंना मी फक्त म्हटलं, काकू परत करा. त्या म्हणाल्या "मला वाटलंच होतं, फार हलकी लागत होती हाताला". मग विचारताय कशाला, असं मनात आलं पण बोलले नाही.

पण टाके मोजून खरंखोटं शंभर टक्के कळतं असं समजू नका, चांगली कॉपी करणाऱ्यांना पण पाच मोजता येतात. चुकीचे टाके दिसले तर नाही म्हणायचं, बरोबर टाके दिसले म्हणून लगेच हो म्हणायचं नाही.

उलटं पण होतं. एकीने चांगली खरी स्पीडी सोडली कारण मागच्या बाजूला एलव्ही उलटा होता. अगं बाई, क्लासिक स्पीडी ही कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्यातून बनते, पुढून सुरू होऊन तळाखालून मागे वर जाते, मग मागे डिझाइन उलटंच येणार. शिवणारी बाई एका मिनिटात समजेल हे, इन्स्टा रील बघणारी नाही समजणार.

डेट कोडबद्दल फार गैरसमज आहेत. ऐंशीच्या दशकापासून मार्च २०२१ पर्यंत एलव्हीच्या बॅगेत आत कुठेतरी एक कोड असायचा, १९९० पासून तो म्हणजे दोन अक्षरं आणि चार आकडे. तो सीरियल नंबर नाही, एकच कोड कितीतरी बॅगांवर असतो, कारण तो फक्त कुठल्या कारखान्यात आणि कधी बनली ते सांगतो. २००७ नंतरच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा म्हणजे आठवडा, दुसरा आणि चौथा म्हणजे वर्ष. एसपी ०१७८ असेल तर ०७ वा आठवडा, २०१८ साल, आणि एसपी म्हणजे फ्रान्स. आता ५१८७ घ्या, आठवडा येतो ५८ आणि वर्षात तेवढे आठवडेच नसतात, म्हणजे गेली. १९९० ते २००६ मध्ये तोच हिशोब पण आठवड्याऐवजी महिना. अक्षरं पण जुळवा, सीए हे स्पेनचं आहे आणि बाजूला शिक्का "मेड इन फ्रान्स" असेल तर जुळत नाही. मार्च २०२१ नंतरच्या बॅगेत कोड नाही, चिप आहे, आत शिवलेली, दिसत नाही. तुमच्या फोनला फार तर चिप आहे एवढं कळेल, तिच्यातलं फक्त कंपनीला वाचता येतं. म्हणून "२०२३ ची बॅग आहे, हा बघा डेट कोड" असं कोणी दाखवलं तर हसून निघा.

आणि नाही, शोरूममध्ये नेऊन "खरी का सांगा" म्हटलं तर ते दाखला देत नाहीत. मुंबईला जाऊन हेलपाटा पडेल.

शनेलला मी दोन गोष्टी बघते. चौकटीच्या शिलाईच्या रेषा मागच्या खिशावरून अखंड जायला पाहिजेत, खिशाच्या कडेला डायमंड तुटला की कापड वाया जाऊ नये म्हणून कटिंग उरकलेलं. आणि लॉकचे दोन सी, उजवा सी वरच्या बाजूला डाव्याच्या वरून जातो, आणि खालच्या बाजूला डावा उजव्याच्या वरून. गुच्चीत आतल्या चामडी पट्टीवर दोन ओळींत नंबर असतात, त्यातला वरचा त्या डिझाइनचा असतो, गुगल करा, वेगळीच बॅग आली तर समजा. हर्मीस आपल्या गावात कोण घेतंय म्हणा, पण मला त्यांच्या शिलाईबद्दल बोलायला आवडतं. दोन सुया आणि एकच दोरा, हाताने, एका भोकातून दोन्हीकडून. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की उसवत जातं. हाताच्या या टाक्यात एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. टाके किंचित तिरके पडतात, माणसाच्या हाताचे. त्यामुळे त्यांच्या बर्किन बॅगेवर पट्टी लावल्यासारखी सरळ मशीनची शिलाई दिसली तर ते चांगलं लक्षण नाही. आणि जिच्या नावावरून ती बॅग आली त्या अभिनेत्री जेन बर्किनची स्वतःची पहिली बर्किन, घासलेली, डागाळलेली, पट्ट्याला नेलकटर लटकवलेली, जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात ८६ लाख युरोला गेली. सेकंडहँड म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या सासूबाईंना मी ही बातमी मुद्दाम वाचून दाखवली.

पैशांचं. जीपे केलेत की गेले, परत आणायला बँक तुमच्या मागे धावत नाही. ज्या साइटवर पैसे मध्ये थांबतात आणि बॅग तपासल्यावर विकणाऱ्याला जातात तिथे घ्या, नाहीतर क्रेडिट कार्डाने द्या, निदान बँकेत डिस्प्यूट टाकता येतो. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सेफ असा समज आहे, पण डिलिव्हरीवाला सहसा खोकं उघडू देत नाही, पैसे आधी. पार्सल उघडताना वरच्या लेबलपासून सुरू करून बॅग बाहेर येईपर्यंत एकच व्हिडिओ, मध्ये थांबवायचा नाही. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, जेवढ्या लवकर तेवढे पैसे अडवता येण्याचा चान्स जास्त. दुकानाने बिल देऊन फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि बॅग हातात आल्यावर रिटर्नची मुदत संपायच्या आत पैसे देऊन तपासून घ्या, फोटोवरून तपासून लेखी देणाऱ्या सर्व्हिस आहेत ऑनलाइन, त्यांची फी बॅगेच्या किंमतीपुढे काहीच नाही. माझ्यासारख्या फुकट सांगणाऱ्या ताईचं "मला तरी बरी वाटते" हे रिटर्न मागताना कोणी मानणार नाही.

आता जे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत ते, कारण ते दिल्लीच्या कोरड्या हवेत बसून बनवतात. बॅग खरी असून पण आपल्याकडे वाया जाऊ शकते. जुन्या एलव्ही बॅगांच्या काही मॉडेल्समध्ये आतल्या खिशांना जे कोटिंग असतं ते दमट हवेत चिकट होतं, बोट लावलं की बोटच अडकतं, मग पापुद्रे सुटतात. म्हणून व्हिडिओत विकणाऱ्याला खिशात अंगठा दाबून उचलायला सांगा, चिकट असेल तर लगेच दिसतं. बुरशीचा पांढरा भुगा पुसून फोटो काढता येतो पण वास पुसता येत नाही, तो स्पष्ट विचारा आणि उत्तर चॅटमध्ये लेखी ठेवा. बिस्किटी लेदरवर पावसाचा एक थेंब पडला तरी डाग राहतो, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा ती बॅग जून ते सप्टेंबर घराबाहेर काढायचीच नाही असं मी ठरवून टाकलंय. खाऱ्या हवेचा एक फायदा मात्र आहे, पितळ हिरवट-काळं पडतं, लाल गंज धरत नाही. समुद्राजवळच्या घरातल्या बॅगेच्या "सोनेरी" कडीला लालसर गंज दिसला तर खाली लोखंड आहे, आणि मग बाकीच्या गोष्टी दुप्पट बारकाईने बघा.

ठेवायची कशी ते पण विचारतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती पिशवीत. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तराला लागते, कोरा कागद घाला. सिलिका जेलची पाकिटं घाला आणि ती बदला, दोन वर्षांपूर्वीची तीच पाकिटं ठेवून काय उपयोग. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, ती भिंत पावसाळ्यात घामेजते. पंधरा-वीस दिवसांनी पाऊस उघडलेल्या दिवशी बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. आणि डांबराच्या गोळ्या कृपा करून टाकू नका. चामड्यात तो वास बसला की निघत नाही, माझ्याकडे एकीने आणलेली खरीखुरी शनेल आजीच्या पैठणीच्या ट्रंकेसारखी वास मारत होती, ती विकायला काढली तर गिऱ्हाईक व्हिडिओ बघून हो म्हणालं आणि बॅग हातात घेऊन परत देऊन गेलं.